पितृपक्षातला टाइपरायटर

१३ ऑगस्ट १९७८, रविवार

अरुंधतीच्या मार्गदर्शक बाईंनी काल फर्मान काढले की लघुप्रबंध हाताने लिहिलेला चालणार नाही, टाइप केलेलाच हवा, तोही दिवाळीच्या सुटीआधी. नाही दिला तर वर्ष गेले, आणि पुढच्या वर्षीपासून अभ्यासक्रम बदलतो आहे, म्हणजे एम.ए.च गेल्यात जमा. या बाईंनी पाठवलेल्या चिठ्ठ्या मला भिंग घेऊन वाचाव्या लागतात. दुसऱ्याच्या अक्षराचा तिटकारा त्यांनी करावा, ही गंमत आहे.

विषय भुलाबाईची गाणी. भादव्याच्या पुनवेपासून महिनाभर पोरी टिपऱ्या वाजवत दारोदार जे म्हणतात ते. यावर विद्यापीठ पदवी देते. आमच्या वेळी पदवीसाठी निदान एखादे कंटाळवाणे पुस्तक तरी वाचावे लागे.

हे मी तिला बोललो नाही. बोललो असतो तर ती हसली असती, आणि मग मला दिवसभर वाटत राहिले असते की ती कशाला हसली.

बाहेर टाइप करून घ्यायला पानामागे जे मागतात ते ऐकून ती म्हणाली, "त्यापेक्षा मी जुना टाइपरायटर घेते. शिकवणीचे पैसे आहेत माझे. विद्यार्थिनी आहे, विद्यार्थ्यासारखंच स्वस्तातलं घेईन."

एकेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थिनी. असो. पण जुने यंत्र विकत घेणे हे बायकांचे काम नाही. ते पुरुषांचेही नाही, ते लेखापरीक्षकाचे आहे. वीस वर्षे मी दुसऱ्यांच्या खरेद्या तपासतो आहे. नागपुरात कोण कसे फसते हे मला पाठ आहे. खरेदी मी माझ्याकडे घेतली. ती "बरं" म्हणाली.

२० ऑगस्ट, रविवार

बर्डीच्या बाजारामागच्या गल्लीत नत्थूजी नावाचा माणूस सरकारी लिलावातले टाइपरायटर, सायक्लोस्टाइल, पंखे असले भंगार घेतो आणि त्याला 'कंडीशन', म्हणजे चालू हालतीतला माल, म्हणून विकतो. दुकानात बसायला एकच खुर्ची. ती त्याने अरुंधतीला दिली आणि मला एका बंद पडलेल्या पंख्याच्या खोक्यावर बसवले.

यंत्र पेटीतले, लहान, मराठी. दिसायला वाईट नव्हते, म्हणूनच मी सावध झालो. भिंग काढले. पेटीची मूठ तुटलेली, तिथे सुतळी. झाकणाचा कोपरा उडालेला. 'र'च्या कळीवरची टोपी गळालेली आणि तिथे चिकटवलेले काय, तर कोटाचे बटण. मागे ऑफिसचा नंबर होता तो कानशीने खरडलेला. आणि ओळ संपत आली की वाजायची घंटी वाजते, पण दोन अक्षरे उशिरा, आणि तीही कुणाच्या तरी घशात अडकल्यासारखी.

"हे बटण काय आहे?" मी विचारले.

"बटन हाय साहेब," नत्थूजी म्हणाला. "टोपीपेक्षा पक्कं. बोट घसरत नाई त्याच्यावरून."

"आणि नंबर का खरडला?"

"आता सरकारचं नाई राह्यलं ना ते. लेकीले सासरी धाडल्यावर माहेरचं नाव कोन ठेवते?"

अरुंधती हसली. विक्रेत्याच्या विनोदाला ग्राहकाने हसू नये. तिथून भाव चढतो. मी तिच्याकडे पाहिले, तर ती हसून झालीही होती आणि एक कागद घालून टाइप करत होती. एकच ओळ. कागद काढला, पाहिला, घडी करून पर्समध्ये ठेवला. तपासणी म्हणून हे निरुपयोगी. तपासायचे तर सगळ्या कळा क्रमाने दाबाव्या लागतात. त्या मी दाबल्या.

"बाई टाइप करून राहिल्या, तुमी भिंग लावून राहिले," नत्थूजी म्हणाला. "मशीन लाजून जाईल साहेब."

घरी येताना मी तिला सगळे दोष सांगितले. ती म्हणाली, "पण चालतो छान." मी म्हणालो, चालतो ही तक्रार नाहीच, किती दिवस चालेल ही आहे. ती म्हणाली, "मला दोनच महिने पाहिजे."

बायकांचे अर्थशास्त्र.

२२ ऑगस्ट, मंगळवार

नत्थूजीला निरोप पाठवला: घरगुती खरेदी असली तरी नियमाप्रमाणे तीन कोटेशने हवीत, तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांची, बंद पाकिटात. सर्वांत कमी दर मान्य होईल, दोष असल्यास तोही नाही.

दत्तोपंत माझ्या समोरच्या टेबलावर बसतात. वीस वर्षे खात्यात काढून त्यांनी एकही आक्षेप शेवटपर्यंत नेलेला नाही, त्यामुळे ते सर्वांना आवडतात. त्यांना हे कळले. म्हणाले, "मनोहरराव, लग्नाच्या वेळी किती कोटेशनं मागवली होती?"

सगळे ऑफिस हसले. उत्तर होते की त्या वेळी मी खात्यात नव्हतो. पण ते घरी आल्यावर सुचले, आणि सुचल्यावर वाटले, बरे झाले सुचले नाही.

३ सप्टेंबर, रविवार

तान्हा पोळा. गल्लीतली पोरे लाकडी बैल ओढत दारोदार येताहेत आणि बोजारा, म्हणजे बैलाच्या नावाने खाऊपैसे, मागताहेत. अरुंधती प्रत्येकाच्या हातावर काही ना काही ठेवते. एकाच पोराने बैल बदलून तीनदा बोजारा नेला, हे मी तिच्या लक्षात आणून दिले. ती म्हणाली, "हो, पाहिलं मी. तिसरा बैल जास्त चांगला होता."

दुपारी नत्थूजी पाकिटे घेऊन स्वतः आला. तिन्ही पाकिटे बंद, तिन्हींवर वेगळ्या दुकानांची नावे, आणि तिन्हींवर हस्ताक्षर एकच.

"हे काय आहे?"

"तुमीच म्हनले ना तीन."

"तीन विक्रेत्यांची म्हटलं होतं. ही तिन्ही तुम्ही लिहिली आहेत."

"बाकीच्या दोघायले लिहिता येत नाई साहेब. ते बोलले, मी लिवलं. तुमचं काम अडाले नोको म्हनून." आणि मग अरुंधतीकडे वळून, "काहून बाई, साहेब भाजी घ्याले बी पाकिटं मांगते का?"

"भाजी मी आणते," अरुंधती म्हणाली.

मी पाकिटे न उघडता परत केली. उघडली असती तर तिन्हींतला सर्वांत कमी दर त्याचाच निघाला असता आणि मी बांधला गेलो असतो. त्याला चहा दिला गेला. तो मी द्यायला सांगितला नव्हता.

तो गेल्यावर अरुंधती बशा विसळत म्हणाली, "तुम्हाला तो घ्यायचा नाही का?" मी म्हणालो, घ्यायचा आहे, पण नीट घ्यायचा आहे. तिने नळ बंद केला. "दिवाळी लवकर आहे यंदा," एवढेच म्हणाली.

१० सप्टेंबर, रविवार

आजवर आणखी तीन यंत्रे पाहिली. एक महाल भागातले, हिंदीचे, त्यात 'ळ'च नाही. विकणारा म्हणतो, "ळ किती वेळा लागते साहेब?" राज्य बदलून बावीस वर्षे झाली तरी नागपुरातली अर्धी यंत्रे अजून भोपाळच्या स्वप्नात आहेत. हे मी आमच्या शेजारच्या जिजाबाईंना सांगितले. त्या नरखेडकडच्या. मालक गेल्यावर संत्र्याचा बगीचा दिराकडे सोडून इथे आल्या. आमची आणि त्यांची भिंत एकच. धंतोलीत दवाखान्यांसाठी खेड्यांवरून आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांना त्या मागची खोली भाड्याने देतात. त्या म्हणाल्या, "आमच्या गान्यात तसा बी 'ळ' कुठी हाय भाऊ? आमाले काया म्हना का काळा म्हना, रंग तोच." विद्वत्तेची ही पातळी, आणि अरुंधतीच्या प्रबंधाचा मुख्य आधार म्हणजे याच बाई.

दुसऱ्या यंत्राचा रोलर दगडासारखा. तिसऱ्यासाठी आज दोघे बसने कन्हानला गेलो. खाणीतले एक निवृत्त हेडक्लार्क. यंत्र चांगले निघाले, पावतीसुद्धा होती. पण सौदा ठरायच्या वेळी त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या की लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून दुसरे काय ठेवायचे. हेडक्लार्कांनी यंत्राचे झाकण लावले. विक्री रद्द. अख्खे आयुष्य खाणीच्या ऑफिसात काढलेल्या माणसाला बायकोसमोर एक वाक्य बोलता येऊ नये.

परतीच्या बसमध्ये अरुंधती खिडकीकडे तोंड करून बसली होती. थकली असेल. मी म्हणालो, आपण आजवर एकदाही फसलो नाही. ती म्हणाली, "नाही ना."

१७ सप्टेंबर, रविवार

आजपासून पितृपक्ष. गाव पंधरा दिवस खरेदी बंद ठेवणार. नवे कापड नाही, भांडे नाही, कुलूप नाही. शहाणीसुरती माणसे, पदवीधर माणसे, पूर्वज वरून पाहताहेत म्हणून चप्पल शिवून घालतात. मी या प्रकाराची टर उडवत आलो आहे. पण या वर्षी प्रामाणिकपणे लिहायचे तर मला हायसे वाटले. अरुंधती या पंधरवड्यात सुईसुद्धा घेणार नाही. म्हणजे मला शांतपणे चौकशी करता येईल आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर घेता येईल. मुहूर्तावर माझा विश्वास नाही, पण तिचा आहे, आणि वेळ मिळतो.

वेळ मला कशाला हवा आहे, हे मात्र आता लिहिता लिहिता विचारतो आहे. उत्तर देता येत नाही. बाजाराची माहिती गोळा करायला, असे म्हणू.

संध्याकाळी बर्डीत नत्थूजी भेटला. दुकानाच्या पायरीवर बसून स्वतःच्याच पंख्याने वारा घेत होता. म्हणाला, "पित्तरपाटात माशी बी नाई येऊन राहिली साहेब. बटनवाली मशीन तशीच हाय. शंभर कमी देजा. आजच घेऊन जा." मी नकार दिला. लोकांच्या अंधश्रद्धेमुळे पडलेल्या भावाचा फायदा घेणे हे अंधश्रद्धा पाळण्यापेक्षा वाईट. असे मी त्याला सांगितलेही. तो म्हणाला, "तुमी मोठे अवघड मानूस हा."

जेवताना अरुंधतीला ही हकीकत गंमत म्हणून सांगितली. "शंभर?" तिने विचारले. मी म्हणालो, शंभर. तिने मला आणखी भात वाढला. मी मागितला नव्हता.

२३ सप्टेंबर, शनिवार

अरुंधती हल्ली दिवेलागणीनंतर जिजाबाईंकडे जाते. गाणी उतरवून घेते म्हणे. माझा स्वयंपाक आधी करून ठेवते, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

भिंतीपलीकडे मात्र नवा त्रास सुरू झाला आहे. जिजाबाईंच्या मागच्या खोलीत कुणी भाडेकरू आला असावा, टाइपिंग शिकणारा. पहिल्या दिवशी तर चार ठोके आणि मग एवढी शांतता, की माणूस झोपला की काय वाटावे. पुन्हा चार. या देशात ज्याला काहीच जमत नाही तो टाइपिंग शिकतो आणि ज्याला तेही जमत नाही तो आमच्या भिंतीला लागून खोली घेतो.

त्या खटखटीत अरुंधतीला गाणी ऐकू कशी येतात कोण जाणे. मी विचारले. म्हणाली, "सवय होते."

२७ सप्टेंबर, बुधवार

त्या इसमाच्या यंत्राची घंटी उशिरा वाजते. अगदी नत्थूजीच्या त्या यंत्रासारखी, घशात अडकलेली. म्हणजे हा दोष एका यंत्राचा नसून त्या बनावटीचाच आहे. मी नाकारले ते योग्यच केले. अरुंधती आल्यावर तिला हे भिंतीला कान लावून ऐकवायचे होते, पण ती येईपर्यंत तो थांबला. ती नसतानाच नेमका वाजवतो.

तिला सांगितले, तर म्हणाली, "तुमचा कान फार तयार आहे." बायकोने कौतुक केले की पुरुषाने दोन पावले मागे सरकून विचार करावा. मी केला. काही आढळले नाही.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी फाटकात जिजाबाई भेटल्या. मी विचारले, तुमच्याकडे कोण आले आहे, रोज संध्याकाळी ठोकाठोक करते ते?

"हो ना," त्या म्हणाल्या. "एक विद्यार्थी हाय. परीक्षेचं काम करून राहिलं लेकरू."

"कुठला?"

"इकडचाच म्हना. तरास होते का भाऊ तुमाले?"

मी म्हणालो, त्रास होतो, पण शिकणाऱ्याला अडवणारा मी नव्हे. फक्त त्याला सांगा, दोन बोटांनी टाइप करणे सोड आणि घंटीकडे लक्ष दे.

"सांगतो," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून घाईघाईने आत गेल्या. खेड्यातल्या बायका पुरुषांशी बोलताना लाजतात. त्यात या तर वयाने माझ्यापेक्षा मोठ्या.

२ ऑक्टोबर, सोमवार

सर्वपित्री अमावास्या, आणि भरीला ग्रहण. गांधी जयंतीची सुटी. गाव दुपारी दारे लावून बसले. अरुंधतीने पितरांच्या नावाची वाडी पानावर वाढून ठेवली. कावळा लगेच आला. तिला बरे वाटले. मी म्हणालो, कावळ्याला पंचांग कळत नाही, भूक कळते. ती म्हणाली, "पितरांनापण तेच कळत असेल."

मला वेगळेच काहीतरी खटकते आहे. दिवाळी या महिनाअखेरीला. सुटीआधी प्रबंध द्यायचा, म्हणजे हाताशी तीन आठवडेसुद्धा नाहीत, आणि ती यंत्राचे नावही काढत नाही. ऑगस्टमध्ये रोज विचारत होती. आता मीच विषय काढला तर म्हणते, "बघू ना दसऱ्याला."

तिने बहुधा नाद सोडला. चाळिशीनंतर असे होते. माणूस उमेदीने सुरू करतो आणि सोडून देतो. तिचा चेहरा मात्र सोडून दिलेल्या माणसासारखा दिसत नाही. बोटांना निळे काहीतरी लागलेले असते, म्हणाली, कार्बन. गाण्यांच्या प्रती काढते म्हणे, जिजाबाईंसाठी. जिजाबाईंना वाचता येत नाही.

खरे लिहायचे ठरवले आहे तर हेही लिहितो: तिने नाद सोडला असे वाटले तेव्हा क्षणभर मला बरे वाटले. का वाटले ते मला माहीत नाही, आणि मला ते आवडलेही नाही. तिने पदवी घेतल्याने माझे काही कमी होणार नाही. माझी बी.कॉम. आहे, ती बी.कॉम.च राहील.

५ ऑक्टोबर, गुरुवार

भिंतीपलीकडचा इसम सुधारला. हे न लिहिणे अन्यायाचे होईल. आता ठोके एकसारखे पडतात, दहाही बोटे चालत असावीत, आणि घंटी वाजायच्या आधीच तो ओळ फिरवतो, म्हणजे यंत्राचा दोष ओळखून त्याने स्वतःला तसे बसवून घेतले आहे. हे समजूतदारपणाचे लक्षण आहे. मी पेनात शाई भरत होतो, ते मधेच थांबवून ऐकत राहिलो.

आणि तेव्हा एक सरळ उपाय सुचला. यंत्र घ्यायचेच कशाला? या गरीब विद्यार्थ्याला थोडे पैसे देऊन अरुंधतीचा प्रबंध त्याच्याकडूनच टाइप करून घ्यावा. बाजारापेक्षा कमी दर द्यावा, कारण त्याला सरावही मिळेल. मी नियमानुसार देखरेख करीन, चूक दिसेल ते पान पुन्हा. इतका सोपा उपाय दोन महिने कुणालाच सुचला नाही, मलासुद्धा. अरुंधतीला आधी सांगितले नाही. आश्चर्याचा धक्का म्हणून.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

जिजाबाईंकडे गेलो. त्या दारातच उभ्या राहिल्या, मला आत बोलावले नाही. मी दर सांगितला, अटी सांगितल्या. त्यांनी सगळे नीट ऐकले. मधे एकदा खोकला आला त्यांना, बराच वेळ.

"विचारून पायतो," म्हणाल्या, आणि आत गेल्या. आत काहीतरी कुजबुज, मग एकदम शांतता, मग कुणीतरी उशीत तोंड घातल्यासारखा आवाज. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"लेकरू म्हनते, बाईचं काम फुकट करून देईन."

"फुकट का?"

"बाईच्या विषयाची आवड हाय त्याले. पन म्हनते, साहेबायच्या अटीत करनार नाई. देखरेख नोको म्हनते."

आजकालचे विद्यार्थी. काम मिळते आहे, पैसे मिळताहेत, आणि यांना देखरेख नको. मी म्हणालो, असल्या माणसाच्या हाती मी माझ्या पत्नीचे काम देणार नाही. जिजाबाई म्हणाल्या, "तुमची मर्जी भाऊ."

अरुंधती त्या वेळी आत असणारच, पण आली नाही बाहेर. ती घरी आल्यावर मी तिला सगळे सांगितले. ती पाठमोरी, राहिलेल्या पोळ्या लाटत होती. खांदे हलत होते. मला वाटले, रडते आहे. प्रबंध राहिला म्हणून. मी म्हणालो, दसऱ्याला नक्की घेऊ, नत्थूजीचेच घेऊ, बटणासकट. तिने लाटलेली पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "तुम्ही वाईट नाही हो." हे कुठून आले ते कळले नाही.

११ ऑक्टोबर, बुधवार. दसरा

काल लिहिले नाही. लिहिता आले नाही, कारण माझा पेन पूजेत होता.

काल खांडे नवमी. ज्याच्यावर घर चालते ती हत्यारे आमच्याकडे पाटावर मांडतात. घरात तलवार कधीच नव्हती, त्यामुळे अरुंधती दर वर्षी विळी, पावशी, शिवणाची कात्री आणि माझा पेन, पट्टी, लाल-निळी पेन्सिल असे ठेवते. हळदकुंकू, फूल. त्या दिवशी त्या वस्तूंनी काम करायचे नाही. मी दर वर्षी या प्रकाराला हसतो आणि दर वर्षी पेन काढून देतो.

ऑफिसातून येताना सरळ बर्डीत गेलो. दुकानाला झेंडूची तोरणे. नत्थूजीला म्हणालो, ते बटणाचे यंत्र द्या, उद्या घेऊन जातो, कोटेशन नको.

तो माझ्याकडे पाहत राहिला. "कोनतं साहेब? ते तं गेलं. पित्तरपाटातच गेलं."

"पितृपक्षात? कोणी घेतलं?"

"गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाई आपन," नत्थूजी म्हणाला. आणि मग, मला वाटते त्याला माझी दया आली, "लवकर घरी जा साहेब. पूजा राहिली असंन."

घरी आलो. देवघरासमोर पाट. विळी, कात्री, माझी लाल पेन्सिल, पेन, आणि मधोमध तो टाइपरायटर. झाकणाचा कोपरा उडालेला. मुठीच्या जागी सुतळी, तिला झेंडू बांधलेला. बटणावर कुंकवाचे बोट. माझा पेन त्याला टेकवून उभा केला होता.

अरुंधती निरांजन लावत होती. जिजाबाई दाराशी बसल्या होत्या, या वेळी लाजत नव्हत्या.

सगळे एकामागून एक जुळत गेले. घंटी. कार्बन. विद्यार्थी. देखरेख नको. मी जिजाबाईंच्या दारात उभा राहून, माझ्याच बायकोला, बाजारापेक्षा कमी दराने.

"पितृपक्षात घेतलंस?" एवढेच तोंडातून आले. विचारायचे दुसरे काहीतरी होते.

"पितृपक्षात नवं घेत नाहीत," अरुंधती म्हणाली. "हे नवं कुठे आहे?"

यावर आक्षेप निघत नाही. मी काल रात्रीपासून शोधतो आहे. हा मुद्दा मला सुचायला हवा होता.

"तुला येतं कुठे टाइपिंग?"

"लग्नाआधी महालात शिकलेली. परीक्षा दिलेली आहे. हात बसायला आठ दिवस लागले, बस. तुम्हाला माहीत आहे की."

मला माहीत नव्हते. किंवा असेल.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर आणखी तीन पाकिटं आली असती," ती म्हणाली. रागाने नाही. भाजीत मीठ किती घातले ते सांगावे तशी.

"आना कुंकू लावा भाऊ," जिजाबाई म्हणाल्या. "तुमी बी त्याले लई तपासलं हाय. थोडा हक्क तुमचा बी हाय."

मी कुंकू लावले. रात्री नेहमीप्रमाणे वही उघडली आणि पेन आठवला. पाटावर होता, उचलायला कुणी अडवले नसते. मी तर या गोष्टी मानत नाही. वही मिटून ठेवली.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी म्हणालो, आता यंत्र इथेच ठेव, माझे टेबल घे. मी मागच्या खोलीत बसेन. ती थोडा विचार करून म्हणाली, "नको. तिथे हात चालतो."

का, हे विचारले नाही. उत्तर आले असते.

तिथवर यंत्र मी उचलून नेले. पेटी वाटते त्यापेक्षा जड आहे. सुतळी हाताला कापते. हे तिने एकटीने कसे आणले असेल. जिजाबाईंची मागची खोली पाहिली: एक खाट, एक स्टूल, स्टुलावर कागद, आणि भिंतीला खिळ्यावर एक चिठोरे टोचलेले. जवळ जाऊन पाहिले. ऑगस्टमधली ती ओळ. तिने त्या दिवशी दुकानात टाइप केलेली. तिचे नाव, तिचे माहेरचे आडनाव लावून, आणि पुढे एम.ए. बाकी काही नाही.

मी म्हणालो होतो, तपासणी म्हणून निरुपयोगी.

१४ ऑक्टोबर, शनिवार

काल तिने मला टाइप झालेली पाने दिली, जवळजवळ सगळाच प्रबंध. "चुका काढून द्या. पण पेन्सिलीने. लाल नको."

साधी पेन्सिल घरात नव्हती. कोपऱ्यावरून आणली, टोक केले. आज दुसऱ्या शनिवारची सुटी याच कामात घालवली. गाणी मी कधी ऐकली नव्हती असे नाही, पण वाचली नव्हती. सासूला, नणंदेला, दिराला, सगळ्यांना विचारून झाल्यावर माहेरी जायला मिळते की नाही, अशी बरीच आहेत. एकाकडून दुसऱ्याकडे पाठवतात, दुसरा तिसऱ्याकडे. आमच्या खात्यात फाइल अशीच फिरते. तिने हे कुठेच लिहिलेले नाही, पण आता मला दुसरे काही दिसत नाही.

चुका थोड्या सापडल्या. एके ठिकाणी ओळ उजवीकडे सरकली आहे. तो दोष घंटीचा, तिचा नव्हे. समासात तसे लिहिले.

शेवटचे पान ऋणनिर्देशाचे. मार्गदर्शक बाईंचे नाव आहे. मग जिजाबाईंचे, सर्वांत जास्त ओळी त्यांच्यावर. मग "जुने पण चांगले यंत्र वेळेवर दिल्याबद्दल श्री. नत्थूजी". माझे नाही.

ते पान पुन्हा वाचले. भिंग लावून वाचले. भिंतीपलीकडे अरुंधती उरलेली पाने उतरवत होती, ठोके एकसारखे पडत होते. पानावर चूक नाही. तसे खालच्या कोपऱ्यात साध्या पेन्सिलीने लिहून सही केली.